चित्रपटातला मनोरुग्ण बरा होतो. त्याच्या घरच्यांचे पुढे काय होते?

तलावपाळी (धागाकर्ती)

मी ठाण्यात जन्मले, नौपाड्यात वाढले आणि आजही इथेच राहते. आमच्या गावाचे नाव मराठी बोलण्यात आणखी एका अर्थाने वापरले जाते, हे मला शाळेत असताना कळले. सुट्टीत दादरला मावशीकडे गेले की तिथली मुले एखाद्याला चिडवताना 'याला ठाण्याला पाठवा' असे म्हणत, आणि मी ठाण्याचीच असल्यामुळे त्यांना अधिकच उकळ्या फुटत. इथले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे, त्याची क्षमता १,८५० खाटांची आहे आणि येरवडा, नागपूर व रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत त्याची गणना होते, ही माहिती त्या चिडवण्यात कधी नसे. अलीकडे गावात त्याचा विषय निघतो तो बहुधा ठाणे आणि मुलुंड यांच्यामधील नव्या स्थानकासाठी लागणाऱ्या जमिनीमुळे. त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसांना भेटायला कोण येते आणि कोण येत नाही, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान झाले तेव्हा दादा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला आता बावीस वर्षे झाली. आई-वडील असेपर्यंत तो त्यांच्याजवळ होता, आणि गेली नऊ वर्षे तो आमच्या घरी, म्हणजे मी, माझे यजमान आणि आमची मुलगी यांच्याबरोबर राहतो. रुग्णांच्या घरच्यांसाठी चालणाऱ्या आधारगटात आम्ही रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतो. पहिल्यांदा हे शब्द मला फार सोवळे वाटले होते, परंतु 'वेडा' आणि 'वेड्याची बहीण' या शब्दांबरोबर काही वर्षे काढल्यानंतर मला त्यांची किंमत कळली.

चित्रपटांविषयी दोन तक्रारी नेहमी केल्या जातात. मनोरुग्णाला एक तर खुनी दाखवतात किंवा विदूषक दाखवतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मानसिक आजार असलेली माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता अधिक असते, हे या क्षेत्रातले अभ्यासक वारंवार सांगत आले आहेत. तरीही मला त्याहून जास्त इजा तिसऱ्या एका गोष्टीने केली, आणि ती गोष्ट दिसायला फार गोड असल्यामुळे तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. ती म्हणजे प्रेमाने बरे होणारा रुग्ण.

१९७० चा 'खिलौना' आठवून पाहावा. प्रेयसी गमावल्यामुळे भ्रमिष्ट झालेल्या मुलाला बरे करण्यासाठी घरचे लोक एका तवायफेला त्याची बायको म्हणून आणून ठेवतात. संजीव कुमार आणि मुमताज यांचा अभिनय इतका उत्तम आहे की या योजनेत काही भयंकर आहे, असे पाहताना जाणवतच नाही. पुढे एका धक्क्याने तो शुद्धीवर येतो आणि तिला ओळखतही नाही. धक्क्याने गेलेली स्मृती दुसऱ्या धक्क्याने परत येते, जुने गाणे ऐकून डोळ्यांत ओळख उमटते, बायकोच्या त्यागाने नवरा भानावर येतो, हे आपण किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही.

याचा आमच्या घरावर काय परिणाम झाला ते सांगते. दादाला निदान झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत नात्यातल्या किमान दहा जणांनी आईला एकच सल्ला दिला : 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.' सल्ला देणारी माणसे वाईट नव्हती. दादासाठी त्यांचा जीव तुटत होता. जबाबदारी आली की माणूस सुधारतो, बायकोची माया मिळाली की मन थाऱ्यावर येते, हे त्यांनी आयुष्यभर पडद्यावर पाहिले होते. आईने एक स्थळ पाहिलेही. मुलीच्या घरी आजाराविषयी काही सांगायचे नाही, असे ठरले होते. बाबांनी आदल्या रात्री ते मोडले, आणि त्यावरून आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. ती मुलगी कोण होती हे मला आज आठवत नाही, पण तिच्या आयुष्याचे काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

प्रेमाच्या औषधाचा दुसरा घाव शुभंकरावर होतो. प्रेमाने माणूस बरा होत असेल, तर जो बरा होत नाही त्याच्या घरच्यांचे प्रेम कमी पडले असा त्याचा सरळ अर्थ निघतो. आईने हा अर्थ स्वतःला लावून घेतला होता. दादाला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले, की आपण कालच त्याच्यावर ओरडलो होतो हे तिला आठवे. त्याने गोळ्या जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकल्या होत्या, हे कारण तिला पुरेसे वाटत नसे.

चित्रपटातला आजार दोन टोकांना असतो. एका टोकाला तो भडकतो आणि दुसऱ्या टोकाला तो संपतो. आमची बावीस वर्षे या दोन टोकांच्या मधली आहेत. सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी, गोळी गिळली की नाही हे त्याचा अपमान होऊ न देता पाहण्याची कला, औषधाने वाढलेले वजन आणि मग त्या वजनामुळे आलेला मधुमेह, क्लोझापीन हे औषध सुरू केले तेव्हा पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी दिलेले रक्त, आणि रात्री बाहेरच्या दाराची कडी वाजली तरच जाग यावी अशी सवय लावून घेतलेली झोप. यात नाट्य काहीच नाही. तो घरात सतत येरझारा घालतो, तेव्हा पाहुण्यांना ते वेडाचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात पायांची ती अस्वस्थता बऱ्याचदा औषधाचा दुष्परिणाम असते आणि डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा बदलून ती कमी करता येते. एवढी एक गोष्ट एखाद्या चित्रपटाने दाखवली असती, तर मला ती सात वर्षे आधी कळली असती.

मी ज्याला मानते तो चित्रपट म्हणजे २००४ चा 'देवराई'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला आणि त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता, ज्यांनी स्वतःच्या घरातला हा आजार पाहून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. अतुल कुलकर्णी यांनी केलेल्या शेष या रुग्णाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मात्र तो चित्रपट सोनाली कुलकर्णी यांनी केलेल्या बहिणीसाठी पाहते. भावाला कोकणातून स्वतःच्या संसारात आणल्यावर तिच्या घरातली हवा बदलते, नवऱ्याचा चांगुलपणा खरा असतो आणि त्यालाही सीमा असते, हे त्यात आहे. मला हा चित्रपट पुढे कोणीतरी आणून दिला, आणि तो संपल्यावर मी पहिल्यांदा यजमानांना विचारले की तुम्ही थकता का.

मुख्य धारेतल्या चित्रपटांत सांभाळणारा माणूस आपल्याला कुठे खरा दिसला, हे सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे. घरात अनुभव असणाऱ्यांनी झेपेल तेवढेच लिहावे.

रात्रपाळी

तलावपाळी ताई, आपण लिहिलेले दोनदा वाचले. मी मनोविकार विभागात परिचारिका म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. रुग्णालयाचे नाव घेत नाही.

प्रेमाच्या औषधाबद्दल आपण जे म्हणता त्यात एका चित्रपटाची भर घालते. असित सेन यांचा 'खामोशी', जो १९५९ च्या त्यांच्याच 'दीप ज्वेले जाई' या बंगाली चित्रपटावरून केलेला होता. त्यातील डॉक्टर परिचारिकेला रुग्णावर प्रेमाचा अभिनय करायला लावतात. एक रुग्ण बरा होऊन निघून जातो, ती मनाने अडकते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती पुन्हा तेच करते आणि अखेरीस स्वतःच त्या खोलीत बंद होते. वहिदा रेहमान यांचा तो चेहरा मी प्रशिक्षणार्थी असताना पाहिला आणि मला राग आला होता, कारण एकही परिचारिका अशा रीतीने काम करत नाही आणि कोणत्याही डॉक्टरने तिला तसे सांगणे हा गुन्हाच ठरेल. वय वाढल्यावर मात्र मला तो वेगळा दिसू लागला. उपचाराची पद्धत संपूर्ण खोटी असली, तरी सांभाळणाऱ्याच्या अंगातून काय काय काढून घेतले जाते आणि त्याची कुठेही नोंद होत नाही, हे त्या काळात तेवढ्या धीटपणे कोणी दाखवले होते? आमच्या वॉर्डात सहा-सहा महिने एका रुग्णाला भरवणारी मुलगी त्याच्या सुटकेच्या दिवशी रजा टाकत असे. कारण विचारायचे नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होते.

आता शॉकविषयी, म्हणजे मेंदूला विद्युतप्रवाह देऊन केल्या जाणाऱ्या उपचाराविषयी, कारण त्यावाचून हा विषय पूर्ण होत नाही. पडद्यावर माणसाला चौघे धरतात, तो किंचाळतो, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते, आणि हे सारे बहुधा शिक्षा म्हणून चाललेले असते. या उपचाराची सुरुवात १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी केली, आणि सुरुवातीची अनेक वर्षे तो भूल न देताच दिला जाई. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी तसा 'डायरेक्ट' शॉक पाहिलेला आहे, म्हणून ती दृश्ये हवेतून आली असे मी म्हणणार नाही. आज रुग्णाला उपाशी पोटी आणतात, शिरेतून काही मिनिटांची भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देतात, दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवतात, काही सेकंद विद्युतप्रवाह दिला जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फार तर पायाची बोटे हलताना दिसतात. थोड्या वेळाने रुग्ण जागा होतो. त्या दिवसांतल्या काही आठवणी पुसट होतात आणि त्याचा त्रास काहींना बराच होतो, ही गोष्ट नातेवाईकांपासून लपवू नये. परंतु अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेली बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर स्वतःहून मूल मागते, हेही मी पाहिले आहे. तिच्या सासूने संमतीच्या कागदावर सही करायला आठ दिवस लावले होते. तिला कोणती दृश्ये आठवत होती, हे तिने मला सांगितले होते.

खाडीपूल

मी नेरूळला राहतो, वय एकाहत्तर. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. सहावे वर्ष चालू आहे.

'अस्तु' हा चित्रपट मी तिच्या आजारापूर्वी पाहिला होता आणि नंतर पुन्हा पाहिला. डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित, आणि त्यांना आता स्वतःची मुलगीही धड ओळखू येत नाही. मुलगी थोडा वेळ बाजूला जाते, तेवढ्यात ते हत्तीच्या मागे निघून जातात. पहिल्या वेळी मी हत्ती पाहिला. दुसऱ्या वेळी मुलगी किती वेळ बाजूला गेली होती, याच हिशेबात माझा जीव अडकला होता. सीवूड्सच्या बाजारात मी भाजीवाल्याला पैसे देण्यासाठी पाकीट काढले, तेवढ्या अवधीत पत्नी दिसेनाशी झाली होती आणि चाळीस मिनिटांनी स्टेशनच्या जिन्यावर सापडली.

त्या चित्रपटात माहुताची बायको चन्नम्मा शास्त्रींना लेकरासारखे जेवू घालते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धागाकर्तीच्या मुद्द्याच्या उजेडात मी स्वतःला विचारले, की हासुद्धा प्रेमाच्या औषधाचाच प्रकार आहे काय? मला तसे वाटत नाही. चन्नम्माच्या मायेने त्यांची स्मृती परत येत नाही. ते कोण होते हे तिला ठाऊक नाही, आणि म्हणूनच ते आज कोण नाहीत याचे दुःखही तिला नाही. मुलीला ते दुःख सोडत नाही. घरात रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत दिवसपाळीला येणाऱ्या मावशी माझ्या पत्नीचे केस विंचरताना तिच्याशी ज्या मोकळेपणाने बोलतात, तसे मला जमत नाही, कारण मला त्या केसांखाली अडतीस वर्षे गणित शिकवणारी बाई दिसत राहते. मावशींना बारा तासांचे जे पैसे मिळतात आणि त्यांतून ब्यूरो जे कापून घेतो, ते पाहता त्यांच्यावरही कोणी चित्रपट काढावा. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना शेवटची नावाने हाक मारणारी माणसे त्याच आहेत, आणि पडद्यावर त्या औषधाचा ट्रे ठेवून निघून जातात.

'मैंने गांधी को नहीं मारा' मध्ये उर्मिला मातोंडकर यांनी केलेली मुलगी आजही आठवते. वडिलांच्या आजारामुळे तिचे लग्न मोडते आणि चित्रपट त्याचा गाजावाजा करत नाही. शेवटी खोटा खटला उभा करून वडिलांच्या मनातील अपराधीपण काढण्याची कल्पना नाटकासाठी ठीक आहे, परंतु स्मृतिभ्रंश युक्तिवादाने हटत नसतो. याउलट अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस', जो २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला, मला फार प्रामाणिक वाटला. शेफाली शाह यांची शैलजा आजाराच्या उंबरठ्यावर आहे. बालपणीच्या वेंगुर्ल्याला नवऱ्याबरोबर जाते आणि परत येते. बरे होण्याचा प्रश्नच नाही. स्वानंद किरकिरे यांचा नवरा तिच्या बाजूला उभा राहून हळूहळू ओळखतो, की या बाईच्या आयुष्यातला मोठा भाग आपण कधी विचारलाच नव्हता, आणि आता विचारायला वेळ थोडा आहे. आम्ही दोघे तिच्या माहेरी, वाईला, असेच जायचे म्हणत राहिलो.

मधली रांग

चर्चेचा सूर मान्य असूनही थोडा विरोध नोंदवतो. चित्रपट हे दोन-अडीच तासांचे माध्यम आहे. बावीस वर्षांची डबी, रक्ततपासण्या आणि येरझारा दाखवल्या, तर तो माहितीपट होईल आणि तो पाहायला आपल्याशिवाय कोणी जाणार नाही. मुख्य धारेने विषय सोपा करून का होईना, पण घरात आणला, हे श्रेय तिला द्यायला हवे. २०१६ मध्ये 'डिअर जिंदगी' आला, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. समुपदेशकाकडे जायचे आहे हे मी आईला त्या चित्रपटाचा आधार घेऊनच सांगू शकलो. ती लगेच म्हणाली, 'शाहरुखसारखा डॉक्टर असतो तसे ना?' मला तेवढे पुरे होते.

तलावपाळी

मधली रांग, आपण आईला सांगू शकलात ही गोष्ट मी लहान मानत नाही. त्या चित्रपटाविषयी एक चांगली गोष्ट मीही सांगते. डॉक्टर समुद्रकाठी फिरत बोलतात यावर अनेकांनी टीका केली, परंतु शेवटी मुलीच्या मनात त्यांच्याविषयी ओढ निर्माण होते, तेव्हा ते ती नाकारतात आणि बैठका संपल्या म्हणजे संपल्या असे ठरवतात. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील ही मर्यादा आपल्याकडच्या मोठ्या चित्रपटाने पाळलेली पाहून मला आनंद झाला.

अडीच तासांत बावीस वर्षे मावत नाहीत, हे मात्र मला पटत नाही. प्रेमकथेत आपण एका गाण्यात पाच वर्षे दाखवतोच. गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती' मध्ये विक्रम गोखले यांचा निवृत्त माणूस कृत्रिम श्वासावर असलेल्या पत्नीसाठी पैसे जमवत फिरतो. तिचा आजार मनाचा नाही, पण सांभाळण्याचा हिशेब तोच आहे. मुलासमोर हात पसरावा लागतो त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे येते, त्यासाठी दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि त्यात माझ्या वडिलांची सहा वर्षे आहेत. 'कासव' मध्ये जानकी त्या अनोळखी, जगण्याला कंटाळलेल्या मुलाला घरात ठेवते आणि प्रश्न विचारत नाही. तिने प्रश्न न विचारणे हाच त्यातला प्रसंग आहे. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, तरी ठाण्यात तो मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी मला किती धडपडावे लागले ते मला माहीत आहे. अडचण वेळेची नाही, आपण काय पाहण्यासारखे मानतो याची आहे.

चौथा मजला

मी वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. चित्रपट प्रमाणनासाठी १९९१ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शारीरिक आणि मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींचा छळ किंवा टवाळी दाखवणाऱ्या दृश्यांविषयी स्पष्ट उल्लेख आहे. तो किती पाळला गेला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' या चित्रपटाच्या नावावर मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर ते नाव बदलून 'जजमेंटल है क्या' असे झाले. जुलै २०२४ मध्ये 'आँख मिचोली' या चित्रपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक चौकट घालून दिली : हिणवणारे शब्द टाळावेत, साचेबंद चित्रण टाळावे, आणि ज्यांच्याविषयी चित्रपट आहे त्यांना निर्मितीत सहभागी करून घ्यावे. बंदीपेक्षा मला या तिसऱ्या अपेक्षेत अधिक अर्थ वाटतो.

आणखी एक नोंद. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले, कारण त्यांना पळता आले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी 'तेरे नाम' मध्ये साखळदंडात जखडलेला नायक देशभर पाहिला गेला, आणि ती साखळी त्याच्या प्रेमाची खूण म्हणून पाहिली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता शॉक देणे, या दोन्हींवर बंदी आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला.

उलटी ओहोटी

बराच वेळ लिहू की नको असा विचार करत होतो. मी ऐरोलीला राहतो आणि महापे येथे नोकरी करतो. मला द्विध्रुवी विकार (बायपोलर डिसऑर्डर) आहे, अकरा वर्षांपासून. आपल्या भाषेत सांगायचे तर मी शुभार्थी आहे.

सर्वांनी सांभाळणाऱ्यांविषयी लिहिले ते योग्यच आहे. माझी पत्नी हा धागा वाचते आहे आणि मध्येच स्वयंपाकघरात गेली. मला एवढेच सांगायचे आहे, की आजवर कोणत्याही चित्रपटात मी स्वतःला पाहिलेले नाही. पडद्यावर हा आजार असलेला माणूस अलौकिक कलावंत असतो, नाही तर कड्यावरून उडी मारणारा असतो. मी हिशेबाच्या विभागात काम करतो. रात्री साडेनऊला लिथियम घेतो, दर तीन महिन्यांनी रक्तातील त्याची पातळी तपासतो, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर ती पातळी वाढते म्हणून टेबलावर दोन बाटल्या ठेवतो. चहाचा कप उचलताना हात किंचित थरथरतो. घणसोलीला आम्ही पूर्वी भाड्याने राहत होतो, तेव्हा घरमालकांना कचऱ्यात गोळ्यांची रिकामी पट्टी दिसली. त्यांनी गुगलवर नाव शोधले आणि महिन्याची मुदत दिली. ते भांडले नाहीत, उलट फार घाबरलेले होते. घरात लहान नातवंडे आहेत, तुम्ही समजून घ्या, असे म्हणाले. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मी ओळखले, कारण तो चित्रपट मीही पाहिला होता.

मला वाटते, नायकाला हा आजार असावा आणि कथा दुसऱ्याच कशाची तरी असावी. तो घर शोधत असेल, बढतीसाठी भांडत असेल, मुलीला सायकल शिकवत असेल. मध्येच साडेनऊ वाजतील आणि तो गोळी घेईल.

रात्रपाळी

उलटी ओहोटी, आपल्या पत्नीला माझा नमस्कार सांगावा. आणि मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणीही वेळेवर होते ना?

उलटी ओहोटी

होते. ती लक्षात ठेवते.

तलावपाळी

सर्वांचे मनापासून आभार. दोन जणांनी मला निरोपातून मदतीची ठिकाणे विचारली, म्हणून इथेच लिहिते. टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही, घरचे माणूसही करू शकते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. आधारगटात पहिल्या दिवशी काही बोलले नाही तरी चालते. मी पहिल्या तीन वेळा नुसती बसून होते.

खाडीपूल काका, वाईला जाण्याचे अजून जमण्यासारखे असेल तर मावशींना बरोबर घेऊन जावे. प्रवासात दर दोन तासांनी थांबण्याचे आणि पत्नीच्या ओळखीची एखादी उशी जवळ ठेवण्याचे आमच्या गटातले सर्वजण सांगतात.

हा धागा लिहीत होते त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगून थांबते. दूरदर्शनवर एक जुना हिंदी चित्रपट लागला होता, आणि त्यात कोपऱ्यात बसलेला, केस व दाढी वाढलेला, शून्यात पाहणारा एक रुग्ण होता. मी वाहिनी बदलण्यासाठी रिमोट शोधू लागले. दादा बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, 'याची दाढी इतकी वाढेपर्यंत घरातल्या कोणाच्याच लक्षात आले नाही?' आमच्याकडे रविवारी सकाळी सात वाजता, गर्दी व्हायच्या आधी, कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाचे शटर अर्धेच उघडतो आणि दादाला आत घेतो. वस्तरा लागताना दादा डोळे मिटून घेतो, म्हणून तो प्रत्येक हालचाल आधी बोलून दाखवतो : आता उजवा गाल, आता हनुवटी, आता मान वर. गेली नऊ वर्षे त्याने यासाठी एक रुपयाही जास्त घेतलेला नाही.